पीएचपी-एफपीएम : मेमरी आणि क्रॅशच्या कसोटीवर

पुण्यातल्या लहान प्रकाशनांच्या आणि दिवाळी अंकांच्या सहा वेबसाइट मी एकाच भाड्याच्या सर्व्हरवर सांभाळते. सर्व्हर आठ जीबी मेमरीचा आहे, त्यावर डेबियन लिनक्स आणि मारियाडीबी हा डेटाबेस आहे, आणि सगळ्या साइट पीएचपीत लिहिलेल्या आहेत. पूर्वी त्या अपॅची सर्व्हरमधल्या मॉड-पीएचपी या मॉड्यूलवर चालत असत. गेली पाच वर्षे त्या एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पीएचपी स्क्रिप्ट चालवणारे पीएचपी-एफपीएम या जोडीवर चालत आहेत. प्रस्तुत परीक्षण पीएचपी-एफपीएमचे आहे, मात्र त्याच्या वेगाचे नाही, कारण वेगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सर्व्हरची मेमरी फुगू लागली किंवा स्क्रिप्ट चालवणारी प्रोसेस मध्येच मरून पडली, तर कारण शोधण्यासाठी हे साधन हाताशी काय देते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

आधी जुन्या व्यवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मॉड-पीएचपीमध्ये पीएचपीचा इंटरप्रिटर अपॅचीच्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसच्या पोटातच बसलेला असतो. पीएचपीची अनेक एक्स्टेन्शन थ्रेडमध्ये सुरक्षितपणे चालण्याची खात्री नसल्यामुळे अपॅचीला प्रीफोर्क पद्धतीने, म्हणजे थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेस उभ्या करून चालवावे लागते, आणि मग एखादे लहानसे चित्र किंवा स्टाइलशीट पाठवण्यासाठीही पन्नास-साठ एमबीची प्रोसेस अडकून पडते. प्रोसेस क्रॅश झाली की एरर लॉगमध्ये प्रोसेसचा क्रमांक आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट (११)’ एवढी एक ओळ येते. सहा साइटपैकी कोणत्या साइटच्या कोणत्या स्क्रिप्टमुळे हे घडले, हे त्या ओळीवरून कळत नाही, कारण सगळ्या साइटसाठी त्याच प्रोसेस आळीपाळीने काम करत असतात.

आंद्रेई निगमातुलिन यांनी मुळात पॅच म्हणून लिहिलेले एफपीएम जुलै २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ बरोबर अधिकृतपणे आले. त्यात स्क्रिप्ट चालवणाऱ्या पीएचपीच्या वर्कर प्रोसेस वेब सर्व्हरपासून वेगळ्या चालतात, एक मास्टर प्रोसेस त्यांच्यावर देखरेख ठेवते, आणि प्रत्येक साइटसाठी स्वतंत्र पूल, म्हणजे वर्करचा गट, करता येतो. समस्या शोधण्याच्या दृष्टीने माझ्या मते पूल हीच या साधनाची सर्वांत मोठी देणगी आहे. प्रत्येक पूलचा लिनक्स यूजर वेगळा, लॉग वेगळा, वर्करची कमाल संख्या वेगळी. त्यामुळे ‘सर्व्हर बंद आहे’ या तक्रारीऐवजी ‘तिसऱ्या पूलचे सगळे वर्कर गुंतले आहेत’ असे नेमके वाक्य पहिल्या पाच मिनिटांत हाती येते, आणि उरलेल्या पाच साइट दरम्यान निर्वेध चालू राहतात.

मेमरीचा पहिला मोठा प्रसंग एका दिवाळी अंकाच्या छायाचित्र स्पर्धेच्या वेळी आला. प्रवेशिका पाठवण्याच्या शेवटच्या संध्याकाळी साइट दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडू लागली, आणि संपादकांचा ‘मॅडम, लोकांची छायाचित्रे अर्ध्यावरच अडकताहेत’ असा फोन दोनदा आला. एफपीएमच्या लॉगमध्ये वर्कर ‘सिग्नल ९’ ने संपल्याच्या ओळी होत्या. हा आकडा महत्त्वाचा आहे. सिग्नल ११ असता तर प्रोसेसने स्वतःच मेमरीतल्या चुकीच्या जागी हात घातला असे समजायचे. सिग्नल ९ म्हणजे कोणीतरी बाहेरून तिला मारले आहे. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, लॉग पाहिल्यावर मारणाऱ्याचा पत्ता लागला : मेमरी संपल्यामुळे कर्नलच्या ओओएम किलरने वर्कर मारले होते, आणि एकदा तर सर्वांत मोठी प्रोसेस म्हणून मारियाडीबीलाच संपवले होते. तेव्हा साइटवर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश दिसत होता. तेवढाच संदेश पाहिला असता तर मी डेटाबेसच्या सेटिंगमध्येच रात्र घालवली असती.

पीएचपीच्या मेमरी_लिमिट या सेटिंगची मर्यादा १२८ एमबी असतानाही असे का व्हावे, हा खरा प्रश्न होता. पीएचपी ज्या मेमरीचा हिशेब ठेवते ती तिच्या स्वतःच्या मेमरी मॅनेजरने दिलेली मेमरी असते. पीएचपी ७ पासून हा मॅनेजर कर्नलकडून दोन एमबीचे तुकडे घेतो आणि त्यांतून स्क्रिप्टला वाटप करतो. पण एक्स्टेन्शनमागच्या सी भाषेतल्या लायब्ररी बहुधा कर्नलकडून थेट मेमरी मागतात, आणि ती मागणी या हिशेबात येतच नाही. छायाचित्रे लहान करण्यासाठी आम्ही इमेजमॅजिक ही अशीच एक लायब्ररी वापरत होतो. ६००० बाय ४००० पिक्सेलचे छायाचित्र म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. इमेजमॅजिकची सोळा बिटांची साधी आवृत्ती प्रत्येक पिक्सेलसाठी आठ बाइट घेते, म्हणजे एका छायाचित्राला १९२ एमबी, आणि रंग अधिक अचूक साठवणारी एचडीआरआय आवृत्ती असेल तर त्याच्या दुप्पट. जेपीजी फाइल डिस्कवर आठ-नऊ एमबीचीच दिसते, हा भाग फसवा आहे. दहा-बारा स्पर्धकांनी एकाच वेळी ‘पाठवा’ हे बटण दाबले की दोन जीबी संपले, आणि पीएचपीच्या हिशेबात मात्र त्या स्क्रिप्टने जेमतेम वीस एमबी वापरलेले होते.

या ठिकाणी एफपीएमविषयी माझी पहिली तक्रार नोंदवते. त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला लागलेली कमाल मेमरी छापण्याची सोय आहे, आणि स्टेटस पानाच्या सविस्तर रूपातही शेवटच्या रिक्वेस्टची मेमरी दिसते. ही सोय एरवी मोलाची आहे; अख्खा अहवाल एकाच अ‍ॅरेमध्ये भरणारी स्क्रिप्ट मी याच आकड्यावरून पकडली होती. पण हा आकडासुद्धा पीएचपीच्या आतल्या हिशेबातूनच घेतलेला असतो. प्रोसेसने कर्नलकडून प्रत्यक्षात किती मेमरी घेतली आहे, हे मास्टर प्रोसेसला सहज पाहता येण्यासारखे असूनही ते कुठेच दाखवले जात नाही. नेमक्या ज्या प्रसंगी आकड्याची गरज असते, त्याच प्रसंगी तो निष्पाप दिसतो.

प्रत्यक्ष मेमरी मोजण्यातही एक चूक सर्रास होते, आणि ती मी स्वतः बरीच वर्षे केली. टॉप किंवा पीएस या आज्ञांमध्ये दिसणारा आरएसएस, म्हणजे प्रोसेसने व्यापलेली मेमरी, हा आकडा प्रत्येक वर्करसाठी घेऊन बेरीज केली, तर ऑपकॅशची, म्हणजे संकलित स्क्रिप्ट साठवणाऱ्या पीएचपीच्या कॅशची, सामायिक मेमरी प्रत्येक वर्करच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. ऑपकॅशला १२८ एमबी दिलेले असतील आणि वीस वर्कर असतील, तर बेरीज प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगून येते, आणि मग माणूस घाबरून वर्करची संख्या विनाकारण कमी करतो. लिनक्स ४.१४ पासून प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमध्ये स्मॅप्स_रोलअप नावाची फाइल असते. तिच्यातला पीएसएस हा आकडा सामायिक मेमरी वापरणाऱ्यांमध्ये वाटून धरतो, म्हणून त्याची बेरीज विश्वसनीय असते. आमच्या सर्व्हरवर एका वर्करचा आरएसएस ९० एमबीच्या आसपास दिसत असे आणि पीएसएस मात्र ३५ एमबी भरत असे. पीएम.मॅक्स_चिल्ड्रन ही वर्करची कमाल संख्या ठरवताना मी आता पीएसएस घेते, आणि त्यात सर्वांत जड रिक्वेस्टची भर घालून उरलेल्या मेमरीला भागते. पॅकेजबरोबर येणाऱ्या फाइलमध्ये ही संख्या पाच असते. ती कोणत्याही खऱ्या साइटसाठी अंदाजानेच ठेवलेली आहे, असे धरून चालावे.

त्या संध्याकाळी एका परिचितांनी पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स ही मर्यादा दोनशेवर आणण्याचा सल्ला दिला होता, म्हणजे प्रत्येक वर्कर दोनशे रिक्वेस्टनंतर संपेल आणि नवा येईल. जुन्या अपॅचीमध्ये मॅक्सरिक्वेस्ट्सपरचाइल्ड नावाने हेच सेटिंग होते, आणि २.४ आवृत्तीत त्याचे नाव मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड झाले. सल्ला सद्भावनेचा होता, पण त्याचा काहीही उपयोग झाला नाही, आणि तो होणारही नव्हता. प्रत्येक रिक्वेस्टला थोडी थोडी मेमरी गळत असेल, तर प्रोसेस ठरावीक काळाने बदलणे हा इलाज आहे. पण एकाच रिक्वेस्टच्या पोटात दोनशे एमबीची उसळी येत असेल, तर वर्कर नवा आहे की जुना याने काय फरक पडणार? मेमरीच्या कोणत्याही तक्रारीत आधी ही गळती आहे की उसळी आहे हे ठरवले पाहिजे, आणि त्यासाठी एकाच वर्करचा पीएसएस तासाभरात दर मिनिटाला नोंदवणे पुरेसे असते. आकडा पायऱ्या चढत गेला तर गळती. एकदम वर जाऊन खाली आला तर उसळी.

आमचा उपाय शेवटी इमेजमॅजिकच्या धोरणाच्या फाइलमध्ये झाला. तेथे मेमरीची मर्यादा घातली की त्यापुढचे पिक्सेल ती डिस्कवर ठेवते. काम हळू होते, पण कोणी मरत नाही. शिवाय छायाचित्रे लहान करण्याचे काम चार वर्करच्या एका वेगळ्या पूलकडे दिले, म्हणजे पन्नास जणांनी एकदम छायाचित्रे पाठवली तरी एका वेळी चारच उघडतील. हे दुसरे पाऊल मॉड-पीएचपीमध्ये टाकताच आले नसते.

ओओएमच्या बाबतीत सिस्टिमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कळेपर्यंत मी फार गोंधळले होते. काही वेळा एकच वर्कर मारला जाई आणि तरीही एफपीएमची संपूर्ण सेवाच थांबलेली असे. सिस्टिमडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ओओएमपॉलिसी हे सेटिंग मुळात ‘स्टॉप’ असते. सेवेतली एक प्रोसेस ओओएम किलरने मारली की सिस्टिमडी बाकीची सेवाही बंद करते. एफपीएमसारख्या सेवेत मेलेल्या वर्करच्या जागी मास्टर स्वतःच दुसरा उभा करत असल्यामुळे येथे ‘कंटिन्यू’ हेच सेटिंग योग्य आहे. त्याच फाइलमध्ये सेवेपुरती मेमरीमॅक्स ही मर्यादा घातली, तर मेमरी संपल्यावर बळी एफपीएमच्या वर्करपैकीच जातो आणि डेटाबेस सुरक्षित राहतो.

आता क्रॅशकडे येते. येथे प्रसंग सिग्नल ११ चा होता. एका प्रकाशनाच्या साइटवर दिवसातून सात-आठ वेळा वाचकांना ‘५०२ बॅड गेटवे’ असे पान दिसत असे, आणि एफपीएमच्या लॉगमध्ये तेवढ्याच वेळा ‘सिगसेग्व्ह’ची, म्हणजे सिग्नल ११ ची, ओळ असे. ओळीत पूलचे नाव, प्रोसेसचा क्रमांक आणि ती प्रोसेस किती सेकंद जगली हे सगळे होते. कोणती रिक्वेस्ट चालू होती, ते मात्र नव्हते. ॲक्सेस लॉगमध्येही ती सापडणार नव्हती, कारण एफपीएम आपली ॲक्सेस नोंद रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर लिहिते, आणि क्रॅश झालेली रिक्वेस्ट पूर्ण होतच नाही. ही माझी दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार आहे. वर्कर काय करत होता ही माहिती मास्टरजवळ सामायिक स्कोअरबोर्डमध्ये असते, स्टेटस पानावर ती दिसतेही. मग मृत्यूच्या ओळीत पत्ता छापायला काय हरकत असावी? शेवटी एंजिनएक्सच्या एरर लॉगमधल्या ‘कनेक्शन रीसेट’च्या नोंदी, म्हणजे १०४ क्रमांकाची चूक, वेळेनुसार जुळवून पाहिल्या. सगळ्या नोंदी पुस्तकांच्या वर्गवारीच्या एकाच पानाच्या निघाल्या.

पुढच्या पायरीसाठी कोअर डंप, म्हणजे मरतानाच्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, हवा होता. एफपीएममध्ये त्याची सोय आहे, पण दोन ठिकाणी कुलूप आहे. आरलिमिट_कोअर हे सेटिंग अमर्याद करावे लागते, आणि वर्कर रूटपासून साध्या यूजरवर उतरत असल्यामुळे कर्नल त्याचा डंप नाकारते, म्हणून प्रोसेस.डंपेबल हेही चालू करावे लागते. दुसरे सेटिंग विसरल्यामुळे माझे दोन दिवस गेले. डंप मिळाल्यावर फंक्शनची नावे दाखवणाऱ्या डीबग सिंबल्सचे पॅकेज बसवून जीडीबी या डीबगरमध्ये तो उघडला. सी भाषेच्या पातळीवरचा बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, हजारो ओळींची होती आणि त्यात तीनच नावे आलटून पालटून येत होती : अ‍ॅरे_मॅप, झेंड_कॉल_फंक्शन, एक्झिक्यूट_ईएक्स. असा बॅकट्रेस पाहिला की स्टॅक, म्हणजे फंक्शन बोलावण्यासाठी राखलेली मेमरी, ओसंडला आहे हे लगेच ओळखावे.

पीएचपीच्या मूळ कोडबरोबर जीडीबीसाठी एक मॅक्रो फाइल येते. त्यातल्या झेडबॅकट्रेस या आज्ञेने सीच्या जंगलातून पीएचपी फंक्शनची नावे, फाइल आणि ओळ बाहेर येतात. ही आज्ञा चालवल्यावर एका ओळीवर बोट ठेवता आले. वर्गवारीचा वृक्ष उभा करणारे फंक्शन अ‍ॅरे_मॅपच्या मार्फत स्वतःलाच बोलावत होते, आणि कोणीतरी ‘बालसाहित्य’ हा वर्ग चुकून त्याच्याच उपवर्गाच्या खाली टाकला होता. वर्तुळ पूर्ण झाले होते.

येथे एक बारकावा आहे, जो मला त्या रात्री शिकायला मिळाला. पीएचपी फंक्शनने स्वतःला थेट बोलावले, तर त्याचा स्टॅक पीएचपीच्या हिशेबातल्या मेमरीत वाढतो आणि शेवटी ‘मेमरीची मर्यादा संपली’ असा सभ्य संदेश मिळतो. पण मध्ये अ‍ॅरे_मॅप किंवा यूसॉर्टसारखे सीमध्ये लिहिलेले फंक्शन आले, की प्रत्येक फेरीला सीचा स्टॅकही वाढतो. तो सामान्यतः आठ एमबीचा असतो, आणि तो संपला की कोणताही संदेश न देता प्रोसेस मरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएचपी ८.३ ने ही उणीव भरून काढली आहे. आता स्टॅक संपत आल्याचे इंजिन स्वतः ओळखते आणि अनंत रिकर्शनची, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहण्याची, शंका व्यक्त करणारी एरर देते, जी नेहमीच्या लॉगमध्ये फाइल आणि ओळीसह उतरते. आमच्याकडे तेव्हा ८.१ होती. केवळ या एका कारणासाठीही आवृत्ती बदलणे योग्य ठरले असते, असे मला आज वाटते.

कोअर डंपबाबत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्या फाइलमध्ये प्रोसेसची सगळी मेमरी असते, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड आणि वाचकाने नुकतीच भरलेली माहितीही. तपास संपताच मी डंप पुसते आणि सेटिंग पुन्हा बंद करते.

क्रॅशसंबंधीची आणखी दोन सेटिंगे थोडक्यात सांगते. इमर्जन्सी_रीस्टार्ट_थ्रेशोल्ड आणि त्याच्या जोडीचे इंटरव्हल यांमुळे ठरावीक काळात ठरावीक संख्येने वर्कर सिग्नल ११ किंवा सिगबस या तशाच मेमरीच्या चुकीच्या सिग्नलने मेले, तर एफपीएम स्वतःला नव्याने सुरू करते. ऑपकॅशची सामायिक मेमरी बिघडली की एकामागून एक सगळे वर्कर पडतात, त्या वेळी हे उपयोगी पडते. मुळात ते बंद असते, मी एका मिनिटात दहा असे ठेवले आहे. मात्र एका मास्टरखालच्या सगळ्या पूलची ऑपकॅश एकच असते, म्हणून पूल वेगळे केले की साइट पूर्णपणे वेगळ्या झाल्या असे समजू नये.

दुसरे सेटिंग स्लोलॉगचे आहे, आणि ते मला सर्वांत प्रिय आहे. रिक्वेस्ट ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळली, की मास्टर पीट्रेस या लिनक्सच्या सोयीच्या साह्याने त्या वर्करला क्षणभर थांबवून त्याचा पीएचपी बॅकट्रेस लिहून ठेवते. मरणापूर्वी स्क्रिप्ट कुठे अडखळत होती, हे अनेकदा यावरूनच कळते. कंटेनरमध्ये पीट्रेसची परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर स्लोलॉगमध्ये बॅकट्रेस येत नाही.

एवढी चांगली साधने असूनही जवळजवळ सगळी मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेली आहेत, हे मला मनापासून खटकते. स्लोलॉग, स्टेटस पान, कोअर डंप, वर्करचे आउटपुट पकडणे, यांपैकी काहीही आपणहून चालू नसते. कोअर डंप बंद असणे मी समजू शकते. स्लोलॉग बंद का असावा हे समजत नाही. नवख्या माणसाला क्रॅशनंतर हे सगळे शोधावे लागते, आणि तोपर्यंत पुरावा निघून गेलेला असतो.

आणखी एक उणीव आहे, आणि ती जुन्या मंडळींना अधिक जाणवेल. अपॅचीत पर्ल भाषा चालवणाऱ्या मॉड-पर्लमध्ये अपॅची-साइझलिमिट नावाचे मॉड्यूल होते. ते रिक्वेस्ट संपल्यावर प्रोसेसचा आकार पाहून, तो मर्यादेबाहेर गेला असेल तरच तिला निरोप देत असे. पायथनच्या जगातल्या यूडब्ल्यूएसजीआय या सर्व्हरमध्येही आरएसएसवर बेतलेले असे सेटिंग आहे. एफपीएम मात्र फक्त रिक्वेस्ट मोजते. तीनशे हलक्या रिक्वेस्ट केलेला निरोगी वर्कर आणि तीनच जड रिक्वेस्ट करून फुगलेला वर्कर, यांतला फरक त्याला कळत नाही.

तरीही एकाहून अधिक साइट एका सर्व्हरवर चालवणाऱ्या कोणालाही मी मॉड-पीएचपी सोडून एफपीएमकडे येण्याचाच सल्ला देईन. एकच लहान साइट असेल आणि ती वर्षानुवर्षे शांत चालत असेल, तर बदलाची घाई नाही. पीएचपी मात्र ८.३ किंवा त्यापुढची असावी.

आमच्या सर्व्हरवर आता साइटच्या सहा पूलपैकी पाचमध्ये मॅक्स_रिक्वेस्ट्स पुन्हा शून्यावर, म्हणजे अमर्याद ठेवले आहे, आणि त्या वर्करचा पीएसएस आठवडेच्या आठवडे स्थिर राहतो. सहाव्या पूलमध्ये एक्सएमएल वाचणाऱ्या एका जुन्या एक्स्टेन्शनची गळती दर रिक्वेस्टला चाळीस-पन्नास केबीची आहे. तिचा कोड आमच्या हातात नाही, म्हणून तेथे मर्यादा एक हजारावर ठेवली आहे, आणि सेटिंगच्या वरच्या ओळीत मोजलेला आकडा, तारीख आणि त्या एक्स्टेन्शनचे नाव लिहून ठेवले आहे.